पडद्यावर गिटारची मैफल: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी अधूनमधून एखाद्या रविवारी मित्र, त्यांची पोरं, गल्लीतले तबल्याचे एक शिक्षक असे जमतात आणि एखाद्या गिटारवादकाची चित्रित मैफल पहिल्या सुरापासून शेवटच्या टाळीपर्यंत बघतात. बहुतेक वेळा पडद्यावर रॉक फ्यूजन वाजवणारा इंग्रज गिटारवादक जेफ बेक असतो. त्यावरून व्हॉट्सअ‍ॅपवर, फोनवर आणि राजारामपुरीत भाजी घेता घेता जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केलेत. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको, म्हणून जिथं लागेल तिथं दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

1. रॉक फ्यूजन म्हणजे काय? तबला आणि गिटार एकत्र वाजवलं की फ्यूजन, तेच ना?

तेही फ्यूजनच, पण इथं विषय वेगळा आहे. 1960 च्या दशकाच्या शेवटी जॅझमधल्या काही मोठ्या वादकांनी रॉकची विजेवरची वाद्यं आणि त्याचा दणका घेतला, आणि जागेवर सुचेल तसं वाजवण्याची जॅझची सवय मात्र सोडली नाही. जॅझचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 1970 च्या 'बिचेस ब्रू' या अल्बममध्ये जॉन मॅक्लॉफलिन गिटारवर होता. पुढच्याच वर्षी मॅक्लॉफलिननं महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा बँड काढला.

जेफ बेक उलट्या बाजूनं आला. तो मूळचा रॉकवाला. 1965 मध्ये यार्डबर्ड्स या बँडमध्ये एरिक क्लॅप्टनची जागा त्यानं घेतली. दहा वर्षांनी, 1975 मध्ये, त्याचा 'ब्लो बाय ब्लो' आला. त्यात गायक नाही, सगळं गिटारच बोलते. निर्माता होता बीटल्सचा जॉर्ज मार्टिन. बिनगाण्याचा हा अल्बम अमेरिकेच्या मुख्य यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेला होता.

2. मी नवीन आहे. सुरुवात कुठून करू?

लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबमध्ये नोव्हेंबर 2007 मध्ये झालेल्या बेकच्या मैफलीपासून. दुसरं काही शोधत बसू नका.

हा क्लब सोहो भागात आहे, 1959 पासून चालू आहे, आणि मुळात लहान आहे. टेबलं मंचाला खेटून, लोक हाताच्या अंतरावर. मोठ्या मैदानावरच्या चित्रीकरणात अर्धा वेळ दिवे, धूर आणि गर्दी बघण्यात जातो. इथं कॅमेऱ्याला पळायला जागाच नाही, त्यामुळं तो वादकांच्या हातावर राहतो. सोबत ड्रमवर विनी कोलायुटा, बासवर ताल विल्केनफेल्ड, कीबोर्डवर जेसन रेबेलो. चौघंच. इतक्या कमी माणसांत कुणाचं काय चाललंय हे नवख्यालाही कळतं.

3. भावा, एक माणूस गिटार वाजवतोय ते दीड-दोन तास बघायचं कशाला? ऐकलं की झालं की!

पुष्कळ वादकांच्या बाबतीत तुझं खरं आहे. बेकच्या बाबतीत नाही. नुसतं ऐकताना वाटतं की हे कुठलं तरी यंत्र लावून केलंय. एखादी बाई गातेय असा सूर, मध्येच पक्ष्यासारखी शीळ, मग कुणीतरी गुरगुरल्यासारखं. बघितल्यावर कळतं की यातलं बरंचसं उजव्या हातातून येतंय, त्याच क्षणी, त्याच बोटांतून. हे कळलं की पुढच्या वेळी नुसता आवाज लावला तरी तो हात दिसायला लागतो. एकदा तरी बघायचं ते याचसाठी.

4. बघताना नजर नेमकी कुठं ठेवायची? डाव्या हाताची बोटं पळतात तिकडं ना?

सगळे तिकडंच बघतात. तुम्ही उजव्या हाताकडं बघा.

बेकनं 1980 च्या दशकात पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, सोडला. तारा छेडतो तो अंगठ्यानं आणि उघड्या बोटांनी. त्याच वेळी व्हॅमी बार हाताच्या कवेत असतो. ब्रिजला, म्हणजे तारा गिटारीच्या अंगावर जिथं टेकतात त्या भागाला, जोडलेला हा धातूचा दांडा दाबला की सगळ्या तारा एकदम सैल पडतात आणि सूर खाली येतो. ब्रिज थोडा अधांतरी बसवलेला असेल तर दांडा वर ओढून सूर चढवताही येतो. करंगळी असते आवाजाच्या गोल बटणावर. त्याच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीवर हे बटण तारांच्या अगदी जवळ आहे, म्हणून हात न हलवता करंगळी तिथं पोचते.

आता यातून काय होतं ते बघा. बटण बंद ठेवून तार छेडली तर छेडल्याचा 'टक्' ऐकूच येत नाही. मग करंगळीनं बटण हळू उघडलं की सूर कुठूनतरी उमलून वर येतो, त्याला सुरुवातच नसते. गळ्यातून किंवा सारंगीतून येतो तसा. सूर आला की दांडा त्याला हलवतो, चढवतो, उतरवतो, थरथरवतो. म्हणजे तार छेडली तिथं काम संपत नाही, तिथं सुरू होतं. मला या माणसाबद्दल एकच गोष्ट सांगायची असेल तर ती हीच आहे: सूर काढल्यावर त्याचं पुढं काय होतं, ते बघा.

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं या मैफलीच्या शेवटच्या वादनात, 'व्हेअर वर यू'मध्ये. ही रचना त्याच्या 1989 च्या अल्बममधली. त्यात तो तार फ्रेटवर (गिटारच्या पट्टीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या काड्या) पक्की दाबून धून वाजवत नाही. तारेला ठरावीक जागी बोटाचं टोक नुसतं टेकवतो, तार छेडतो आणि बोट उचलतो. त्यातून काचेसारखा पातळ स्वर निघतो, त्याला हार्मोनिक म्हणतात. अशा जागा तारेवर मोजक्याच असतात, त्यामुळं धुनेतले बरेचसे स्वर तिथं सापडतच नाहीत. ते तो दांड्यानं ओढून आणतो. किती दाबायचं याची खूण कुठंही नाही. फ्रेट नाही, रेघ नाही, आहे तो फक्त कान. एक केसभर जास्त दाबलं तर बेसूर. मनगट जवळून दिसतं तेव्हा बघा, हालचाल जेमतेम जाणवते, आणि तेवढ्यात सूर चांगला दोन-तीन स्वर चढून स्थिर होतो.

5. आम्ही शास्त्रीय ऐकणारी माणसं. देवल क्लब या इथल्या जुन्या संगीतसंस्थेत वाढलो. आम्हाला यात काय मिळणार?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण तुमची तयारी आधीच झालेली आहे.

ज्या गावात अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायले, तिथल्या श्रोत्याला मींड म्हणजे काय हे सांगायला नको. दोन स्वरांमधली वाट गायकानं कशी चालली, यावर आपल्याकडं दाद जाते. पाश्चात्त्य गिटारवर ही वाट अवघड, कारण फ्रेट ठोकून बसवलेल्या असतात. तार बाजूला ओढून थोडी मींड निघते, सतारीवर निघते तशीच, पण सतारीइतकी लांब नाही. बेकनं दांड्याच्या जोरावर ती अडचण ओलांडली.

पुरावा हवा तर या मैफलीतलं 'नादिया' लावा. मूळ रचना नितीन साहनी या ब्रिटनमधल्या भारतीय वंशाच्या संगीतकाराची, 1999 च्या अल्बममधली, आणि ती गायलीय स्वाती नाटेकर यांनी. आधी ते मूळ गाणं ऐका. आलाप, हरकती, खटके नीट कानात बसू द्या. मग बेकचं बघा. तो त्या गळ्याची नक्कल गिटारवर करतो, आणि नक्कल हा शब्द इथं मी मानानं वापरतोय. एका हरकतीला तर आमच्याकडच्या तबल्याच्या सरांनी बसल्या जागी "क्या बात है" म्हटलं. ते गिटारवाल्याला दाद देतील असं मला वाटलं नव्हतं.

एक मात्र लक्षात ठेवा. हा राग नाही, तो रागविस्तार करत नाही, आणि तसा दावाही करत नाही. वादी-संवादी शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. सुराची निगा बघा.

6. ताल कसा मोजायचा? टाळी-खाली काही लागतच नाही.

खाली शोधू नका, तशी रचना तिथं नसते. नुसते ठोके मोजा आणि फेरा कुठं पुरा होतो ते पकडा.

'स्पेस बूगी' सातचा आहे. रूपक ज्यांच्या हाताला आहे त्यांनी मांडीवर सात धरावेत, दोन-तीन फेऱ्यांत बसतो. लय जबरदस्त चढी आहे, त्यामुळं पहिल्यांदा सुटेल. सुटला की पुन्हा पकडायचा. 'स्कॅटरब्रेन' नऊचा. हे दोन जमले की महाविष्णू ऑर्केस्ट्राचं 'बर्ड्स ऑफ फायर' ऐका, तो फेरा अठराचा आहे.

ज्यांना मोजायचंच नाही त्यांनी विनी कोलायुटाच्या चेहऱ्याकडं बघावं. अवघड जागा आली की तो बेककडं एकटक बघत असतो.

7. ती बास वाजवणारी मुलगी कोण?

ताल विल्केनफेल्ड, ऑस्ट्रेलियाची, जन्म 1986 चा. म्हणजे या मैफलीच्या वेळी वय वर्षं वीस-एकवीस. तुम्ही विचारताय ते बहुतेक स्टीव्ही वंडरच्या 'कॉज वुई हॅव एंडेड अ‍ॅज लव्हर्स'मधल्या तिच्या एकल वादनामुळं.

तिथं मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो बेक. साठी ओलांडलेला, जगभर नाव झालेला माणूस, आणि तो पूर्णपणे मागं सरून तिचं ऐकतो. चेहऱ्यावर कौतुक आहे, कुठं उपकाराचा भाव नाही. आपल्याकडं एखादा बुजुर्ग गायक साथीच्या तरुण पेटीवाल्याला जागा देतो आणि त्याची जागा चांगली आली की मान डोलावतो, तेच. शाळकरी पोरी आमच्याकडं येतात तेव्हा हा भाग मी दोनदा लावतो.

8. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर चालेल का?

चालेल, पण बास ऐकू येणार नाही, आणि निम्मी मैफल तिथंच गेली.

बास गिटारची सगळ्यात जाड तार साधारण 41 हर्ट्झला वाजते, गिटारची 82 ला. चपट्या टीव्हीचे स्पीकर बोटभर असतात आणि बरेचदा मागं किंवा खाली तोंड करून बसवलेले. त्यांना एवढा खर्ज झेपत नाही. नवीन काही घ्यायच्या आधी घरात बघा. वडिलांचा जुना अँप आणि लाकडी पेटीचे दोन स्पीकर माळ्यावर पडलेले असतील तर ते उतरवा, पुसा, वायर लावा. लक्ष्मीपुरीत किंवा जिथं तुमचा इलेक्ट्रॉनिक्सवाला असेल तिथं टीव्हीतून अँपला जोडायची केबल मिळते. काहीच नसेल तर वायरवाला हेडफोन. फोनच्या स्पीकरवर मात्र बघू नका.

9. आवाज किती ठेवायचा? रॉक आहे म्हणजे मोठाच पाहिजे ना? शेजारी भांडतात.

शेजाऱ्यांचं बरोबर आहे.

आपल्या गावानं मिरवणुकीतल्या डॉल्बीपायी खिडक्यांची तावदानं थरथरताना बघितलीत, म्हणून 'दणका' म्हटलं की तसलंच काहीतरी डोळ्यापुढं येतं. या संगीताला ते मारक आहे. प्रश्न 4 मध्ये सांगितलेलं करंगळीचं काम हे बारीक आणि मोठ्या आवाजातल्या फरकावरच उभं आहे. सगळंच कर्कश केलं तर तो फरक पुसला जातो. 'व्हेअर वर यू' ज्या आवाजात नीट ऐकू येतं तो ठेवा आणि मग 'बिग ब्लॉक'ला तो बदलू नका. वाद्यवृंदानं स्वतःच तो चढ-उतार ठेवलाय.

कानाचं म्हणाल तर 85 डेसिबलच्या आवाजात आठ तासांपर्यंत काम करावं असा मान्य निकष आहे, आणि दर 3 डेसिबलला तो वेळ निम्मा होतो. म्हणजे 94 ला एकच तास. फोनवर डेसिबल मोजायचं साधं अ‍ॅप असतं, अंदाजापुरतं ठीक. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आणि रात्री दहानंतर 45 आहे, ती घराबाहेर पोचणाऱ्या आवाजाची. दारं-खिडक्या लावून बघा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्या लावलेल्याच असतात, म्हणून जुलैतली झड या कामाला बरी.

10. माझ्याकडं हात आधी दिसतो आणि सूर मागनं येतो. फिल्मच तशी आहे का?

नाही. जवळजवळ नेहमी दोष ब्लूटूथचा असतो. बिनतारी स्पीकरवर आवाज पोचायला सेकंदाच्या दहाव्या भागापासून पाचव्या भागापर्यंत वेळ जातो. बोलपटात ते खपतं, इथं नाही. वायर लावा. वायर लावूनही फरक राहिला तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज मागं-पुढं करायची सोय असते, ती ड्रमवर जुळवा. काठी कातड्यावर पडताना दिसते आणि 'धप्' ऐकू येतो, हे दोन्ही एका क्षणी आले की बाकी सगळं जुळलं.

तिथंच मोशन स्मूदिंग नावाची गोष्ट चालू असेल तर बंद करा. टीव्ही दोन चित्रांच्या मधलं चित्र स्वतः बनवतो आणि जलद बोटांच्या जागी नुसतं धूसर काहीतरी दिसतं.

हे सगळं करूनही एखाद्या ठिकाणीच जुळत नसेल तर ते संकलनामुळं असू शकतं. त्यासाठी प्रश्न 11.

11. हे खरंच तिथल्या तिथं वाजवलेलं असतं, की नंतर स्टुडिओत दुरुस्त करतात?

दोन्ही प्रकार आहेत, आणि फसवणूक आणि मिश्रण यांत फरक करायला हवा.

प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेतात आणि नंतर त्यांचं प्रमाण ठरवतात. हे सगळेच करतात आणि त्यात काही वावगं नाही. एकाच ठिकाणी अनेक रात्री कार्यक्रम झाला तर वेगवेगळ्या रात्रींचं चांगलं वादन निवडून एक मैफल बांधतात. तेही मान्य. चुकलेला स्वर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर चिकटवणं ही तिसरी गोष्ट, आणि मैदानी रॉकच्या काही प्रसिद्ध रेकॉर्डिंगांत ती झालेली आहे.

ओळखायचं कसं? हात जवळून दाखवलेल्या लांब दृश्यात ऐका. बोट तारेवर घासल्याचा आवाज, दांडा सोडल्यावरची खडखड, किंचित घसरलेला स्वर, असं काही सापडलं तर निश्चिंत राहा. बेककडं हे भरपूर सापडतं. तो सुबक वाजवणारा नाहीच, कड्याच्या टोकावर वाजवतो, आणि तोल जाता जाता सावरतो तेव्हा जास्त रंगतो.

कॅमेऱ्यासमोर थेट गाण्या-वाजवण्याचं आपल्या गावाला नवल वाटायचं कारण नाही. 1932 चा 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट प्रभातनं कोल्हापुरातच केला. तेव्हा पार्श्वगायन आलेलं नव्हतं. नटांनी चित्रीकरण चालू असतानाच गायचं, वाद्यं कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसवायची. त्यात हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक, संगीतही त्यांचंच. ती गाणी ऐकताना आजही जी धाकधूक जाणवते ती याच कारणानं. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

12. ऐन रंगात आल्यावर कॅमेरा दुसरीकडंच का जातो? चीड येते.

मलाही येते. हात चालू असताना चेहरा दाखवणं हे संगीताच्या चित्रीकरणातलं सगळ्यात मोठं पाप. संकलकाला दर काही सेकंदांनी चित्र बदललं नाही तर लोक कंटाळतील अशी भीती असते. प्रेक्षकांत कुणी प्रसिद्ध बसला असेल तर तोही दाखवायचा असतो.

त्यातही भेद करा. ड्रमनं काही उत्तर दिलं म्हणून कॅमेरा तिकडं गेला तर ते योग्यच आहे, संवाद दोघांचा असतो. रॉनी स्कॉट्सच्या चित्रीकरणात असे रास्त बदल जास्त आहेत, म्हणून तर ती शिफारस.

13. यूट्यूबवर पाच-पाच मिनिटांचे तुकडे आहेत. तेवढे बघितले तर?

ओळख व्हायला पुरे. पण सलग मैफलीत तापत जाण्याला अर्थ असतो. पहिल्या 'बेक्स बोलेरो'त हात अजून बसलेला नसतो, आणि 'अ डे इन द लाइफ'पर्यंत तो कुठं पोचतो हा प्रवास तुकड्यांत मिळत नाही. बीटल्सच्या 1967 च्या गाण्याचं हे वादन, त्याला 2010 मध्ये ग्रॅमी मिळाला. एकटंच लावलं तर चांगलं वाटतं. आधीचा तासभर बसून मग ऐकलं तर अंगावर येतं.

14. मध्येच गाणारे पाहुणे येतात. ते पुढं ढकलले तर चालेल?

ढकलू नका. जॉस स्टोन 'पीपल गेट रेडी' गाते, इमोजन हीप दोन गाणी गाते, आणि एरिक क्लॅप्टन येतो तो दोन ब्लूजसाठी. बेक साथीला कसा वागतो हे फक्त इथंच दिसतं. गायिकेच्या ओळीत तो शिरत नाही, ओळ संपली की तिचंच शेपूट पकडून एखादी जागा घेतो आणि गप्प होतो. संवादिनीच्या साथीचं शिक्षण घेणाऱ्यांनी तर हे वहीत उतरवून घ्यावं.

क्लॅप्टनच्या वेळी एकाच मंचावर दोन स्वभाव दिसतात. एक जण शांत, नेटका, प्रत्येक वाक्य पुरं करणारा. दुसरा वाक्य अर्ध्यात मोडून भलतीकडंच निघणारा.

15. काचेची नळी बोटात घालून काय करतो? आणि ती उजव्या हातात कशी येते?

ती स्लाइड. तारेवर टेकवून सरकवली की फ्रेटच्या पायऱ्या नाहीशा होतात. 'एंजल (फूटस्टेप्स)' या वादनात तो वर वर चढत जातो आणि गिटारची पट्टी संपते, फ्रेट संपतात. तिथं बाकीचे थांबतात. हा नळी उजव्या हातात घेतो आणि पट्टीच्या पलीकडं, पिकअपच्या (तारेचं कंपन पकडणारा भाग) वरच्या मोकळ्या तारेवर ती टेकवून स्वर काढतो. तिथं स्वर एकमेकांपासून जेमतेम काही मिलिमीटरवर असतात. तोंडाचा आ वासून बघत बसावं अशी ती दोन मिनिटं आहेत.

16. हे बघून शिकता येईल का? माझा मुलगा गिटारच्या क्लासला जातो.

चाल शिकता येईल, हात शिकायला वर्षं लागतील, पण सुरुवात नक्की करता येईल. मुलाला सांगा, स्पीड निम्मा करून बघ. यूट्यूबवर स्पीड कमी केला तरी सुराची पट्टी बदलत नाही, त्यामुळं सोबत वाजवता येतं. पहिल्या महिन्यात एकच गोष्ट: आवाजाचं बटण बंद, तार छेड, करंगळीनं उघड. गिटारीवर बटण लांब असेल तर हे जमत नाही, तो दोष मुलाचा नसतो.

व्हॅमी बारसाठी मात्र गिटार नीट लावून घ्या. ब्रिज मागच्या स्प्रिंगांच्या आणि पुढच्या तारांच्या ओढीत तोललेला असतो. जाड तारा घातल्या की तो उचलला जातो आणि सगळंच बेसूर होतं. स्वस्त गिटारीत दांडा दोनदा दाबला की सूर उतरतात, आणि पोरगं स्वतःला दोष देत बसतं. जाणकाराकडून एकदा सेटिंग करून घेतलं की त्यातलं बरंच थांबतं.

17. जुनी परदेशी डीव्हीडी मिळालीय, लागत नाही.

भारत डीव्हीडीच्या विभाग 5 मध्ये येतो, ब्लू-रेच्या विभाग सी मध्ये. दुसऱ्या विभागाची डिस्क आपल्या प्लेअरवर नाकारली जाते. वेष्टनाच्या मागं पृथ्वीगोलाच्या चिन्हात आकडा असतो तो बघा. 0 किंवा 'ऑल' लिहिलं असेल तर विभागाचा प्रश्न नाही, मग डिस्कवरचे ओरखडे तपासा.

18. बेक तर गेला. पुढं कुणाला बघायचं?

10 जानेवारी 2023 ला गेला, वयाच्या 78 व्या वर्षी. नवीन काही येणार नाही हे खरंच, म्हणून आहे ते नीट बघायचं.

पुढचा थांबा मॅक्लॉफलिन, आणि त्यातही भारतीय वादकांसोबतचा त्याचा बँड शक्ती. झाकीर हुसेन, एल. शंकर, विक्कू विनायकराम यांच्यासोबत 1970 च्या दशकात त्यानं जी गिटार वाजवली तिच्यावर तरफेच्या तारांसारख्या जादा तारा आडव्या बसवलेल्या होत्या, आणि फ्रेटमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं होतं, तार खोल दाबून मींड घेता यावी म्हणून. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेलात आणि कारागिराला हे सांगितलंत तर तो लगेच मान हलवेल. शक्तीच्या 'धिस मोमेंट'ला 2024 मध्ये ग्रॅमी मिळाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात झाकीरभाई गेले.

तिसरं नाव अ‍ॅलन होल्ड्सवर्थ, 2017 पर्यंत होता. त्याच्याकडं छेडल्याचा आवाज जवळपास नाहीच, डाव्या हातानंच स्वर गुंफतो. म्हणजे प्रश्न 4 चा सल्ला इथं उलटा करायचा: नजर डावीकडं. नवख्यानं मात्र त्याच्यापासून सुरुवात करू नये, कोरडं वाटेल आणि मन उडेल.

19. आमच्या मंडळाला हॉल घेऊन मोठ्या पडद्यावर दाखवायचंय. तिकीट नाही, फुकट. चालेल ना?

तिकीट नाही म्हणून आपोआप चालत नाही. विकत घेतलेली डिस्क घरगुती वापरासाठी असते, तसं तिच्यावर छापलेलंही असतं. लोकांना बोलावून हॉलमध्ये दाखवणं हे सार्वजनिक प्रदर्शन, त्याला हक्कदाराची लेखी परवानगी लागते. ऑनलाइन सेवेच्या वैयक्तिक खात्यावरून दाखवणं तर त्यांच्या अटींतच बसत नाही. शाहू स्मारकसारखं सभागृह ठरवण्याआधी वितरकाला ईमेल करा, तारीख, आसनं आणि प्रवेश मोफत आहे हे लिहा. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन महिने हाताशी ठेवा. परवानगीचं पत्र छापून कार्यक्रमाच्या दिवशी सोबत असू द्या.

तोपर्यंत कुणाच्या तरी घरी बसा. दहा माणसं, एक बरा अँप, दोन स्पीकर. पडदा लहान असला तरी उजवा हात दिसतो.